हाताला हात लावा

तांदूळ भिजत घातल्याला आज तिसरा दिवस. सकाळी पाणी बदलायला पातेल्यात हात घातला आणि तो आंबूस वास आला. दिवाळीला मी अनारसे करत नाही. शेजारणी विचारतात, तेव्हा सांगते की आमच्याकडे तळणाचं सोसत नाही कुणाला. धोंड्याच्या महिन्यात मात्र सुटका नाही. त्यातून यमीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, म्हणजे जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायलाच हवं. लोक काय म्हणतील ते राहू दे बाजूला, आधी यमीच काय म्हणेल?

अधिक महिना मोठा विचित्र. तीन वर्षांनी एकदा येतो, पंचांगातली वर्षं जुळवायला. त्याला स्वतःचा सण नाही, त्यात लग्न नाही, मुंज नाही. पोथीत सांगतात की त्याला कुणीच देव आपला म्हणेना, तेव्हा तो रडत विष्णूकडे गेला आणि विष्णूनं त्याला आपलं नाव दिलं. लहानपणी मला त्याची कीव यायची. पुढे संसारात पडल्यावर वाटायला लागलं, अगबाई, केवढी चैन ही! अख्खा एक महिना, जो कुणाच्याच मालकीचा नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी तो महिना उचलला आणि आपला म्हणून वापरला.

आमचं बिऱ्हाड गिरगावात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि पुढे गॅलरी. माणसं तेव्हा सहा. सासूबाई, हे, मी आणि तीन मुलं. यमी आठ वर्षांची, बापू पाचाचा आणि तानी दीड वर्षाची. हे कोटातल्या एका हापिसात कारकून. सकाळी नऊला जेवून पायी निघायचे, संध्याकाळी तिथून सुटले की काळबादेवीला एका शेठच्या मुलांना इंग्रजी शिकवायला जायचे, घरी येईतो मुलं पेंगुळलेली असायची. मी पहाटे नळावर रांगेत. मग जातं, चूल, सासूबाईंचं सोवळं, मुलांच्या आंघोळी, धुणं, परत चूल. मोठ्यांसमोर नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, ही तर रीतच. ह्यांना तहान लागली तरी ते भिंतीला सांगायचे, "पाणी हवं होतं." मग मी भांडं भरून यमीच्या हाती पाठवायची. दहा-अकरा वर्षांच्या संसारात तीन मुलं झाली, पण ह्यांचा चेहरा दिवसाउजेडी मी नीट पाहिला असेल तर तो आरशात, ते पागोटं बांधताना.

ह्यांचा स्वभाव मूळचा खोडकर. वाडीच्या तोंडाशी सोनचाफ्याचं झाड होतं. कधीमधी खुंटीवरचं पागोटं झटकायला घ्यावं तर आतून फूल पडायचं. ते मी पोळपाटाखाली लपवायची. सासूबाई म्हणायच्या, "आज पोळ्यांना चाफ्याचा वास कसा गं?" मी म्हणायची, "वाण्याकडून गहूच तसे आले." आमचं प्रेम म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, एवढंच. पोळपाटाखाली मावेल इतकं.

मग बापू गोवरातून उठला म्हणून घरी सत्यनारायण घातला. पूजा सांगायला बाळंभटजी. आमच्या अर्ध्या वाडीची पूजाअर्चा त्यांच्याकडे, त्यामुळे त्यांना सदाची घाई. एका घरी बसले की मन पुढच्या घरी. तसेच मान वर न करता म्हणाले, "यजमानांच्या हाताला हात लावा." रीतच आहे ती. दान देताना, संकल्प सोडताना, यजमानाच्या उजव्या हाताला बायकोनं हात लावायचा, म्हणजे पुण्यात तिचा वाटा येतो. लग्नात हे झालं होतं, पण तेव्हा मी परकरातली पोर. ह्या खेपेला मी हात लावला, आणि ह्यांनी पळीतलं पाणी सोडता सोडता अंगठा हळूच माझ्या बोटांवर टेकवला. भर सकाळी, सासूबाईंच्या देखत, शेजारणी दारात उभ्या असताना! माझे कान तापले. सासूबाई म्हणाल्या, "बघा, हिला कसं भरून आलंय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत अधिक महिना लागायचा होता. हे जेवताना आईला म्हणाले, "आई, यंदा धोंड्याच्या महिन्यात रोज काहीतरी दान करावं म्हणतो."

सासूबाईंची माळ थांबली. "कोण, तू?"

"हो. सपत्नीक."

"सपत्नीकच करायचं असतं, मेल्या. एकट्यानं दिलेलं अर्धंच पोचतं." आणि त्यांनी डोळे पुसले. इंग्रजी हापिसात जाणारा, भटजींची नक्कल करणारा मुलगा ताळ्यावर आला म्हणून त्या बिचाऱ्या आठ दिवस सांगत सुटल्या होत्या. मी चुलीपाशी पाठ करून बसले होते. हसू आवरेना, म्हणून फुंकणी तोंडाला लावली.

तो महिना! रोज सकाळी आठाच्या सुमारास बाळंभटजी यायचे. बाहेरच्या खोलीत दोन पाट, समोर ताम्हण. सासूबाई खांबाला टेकून माळ ओढत. हे बसायचे, उजवीकडे मी. रोज काहीतरी द्यायचं. दिवा, विडा, शेरभर तांदूळ. हे तेवढ्यावर थांबतील तर ना! पंखा दिला, पळी दिली, पाट दिला, पावसाळा तोंडावर असताना स्वतःची छत्री दिली. आणि प्रत्येक वस्तूचं उदक वेगळं.

"एकदमच सोडा की," बाळंभटजी म्हणायचे. "मला ठाकुरद्वारापर्यंत अजून चार घरं आहेत."

"वेगवेगळं सोडू," हे गंभीरपणे म्हणायचे. "प्रत्येक वस्तूचं पुण्य वेगळं."

एके दिवशी नव्या वहाणांचं दान होतं, तर ह्यांनी उजव्या वहाणेचं वेगळं आणि डाव्या वहाणेचं वेगळं उदक सोडलं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाळंभटजींना काही कळलं नाही. त्यांना ती छत्री, त्या वहाणा मिळत होत्या, ते कशाला विचारतील?

आणि आम्ही बोलायचो. ओठ न हलवता बोलायची कला ह्यांना हापिसात साहेबासमोर बसून साधली होती. भटजींचा आवाज चढला की त्याखालून ह्यांचा आवाज यायचा.

"काल आमटीत मीठ नव्हतं."

"होतं."

"मग तुझं लक्ष नव्हतं."

"माझं लक्ष कुठे होतं ते माहीत आहे ना?"

"कुठे?"

"गप्प बसा, उदक सांडतंय."

एवढंच. लिहून काढलं तर हाती काय लागतं? पण त्या पाव तासासाठी मी पहाटे तासभर आधी उठत होते. नळावरच्या बायका म्हणायच्या, हिला कसली घाई? मी म्हणायची, दान आहे आज. तेही खोटं नव्हतं.

देणंही खोटं नव्हतं हो. हे मी कुणापुढे सिद्ध करायला बसले आहे कोण जाणे! बाळंभटजी गेले की उरलेले तांदूळ आम्ही जिन्याखाली येणाऱ्यांना द्यायचो. त्यात काळाचौकीकडची एक बाई यायची. गिरणीत जाणारा नवरा वारलेला, कडेवर एक आणि हाताशी एक पोर. तिलाही हे उदक सोडून, माझा हात लावून तांदूळ द्यायचे. एकदा ती आमच्या हातांकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "जोडा असाच राहूं दे बाय तुमचा." मी त्या महिन्यात एक वेळचा भात सोडला होता, तो तिच्या ओच्यात जात होता. उपाशी राहून एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता, नंतरही नाही. आंबा आपल्याला गोड लागतो म्हणून त्याचा नैवेद्य खोटा होतो का? तीन वर्षं मी स्वतःला हेच विचारते आहे. दिवसा उत्तर येतं, नाही. पण ते टिकत नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मोठं दान. काशाच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दुसरं ताट झाकण. तानीला आदल्या दिवसापासून कणकण होती. दात येत असतील म्हणून सासूबाईंनी वेखंड उगाळून लावलं. सकाळी अंग जरा जास्त वाटलं. मी तिला आतल्या खोलीत निजवलं, यमीला शेजारी बसवलं आणि बजावून सांगितलं, "हे बघ, अंग फार तापलं, किंवा ती डोळे फिरवायला लागली, काहीही वेगळं दिसलं, की मला हाक मार. दान चालू असलं तरी मार. मी उठेन." यमीनं मान डोलावली. शहाणी पोर.

हे पाटावर बसले आणि म्हणाले, "प्रत्येक अनारशाचं वेगळं उदक सोडू. प्रत्येकाला देवाचं एकेक नाव."

"तेहतीस वेळा?" बाळंभटजींनी मला विचारलं, जसं काही मी ह्यांना आवरणार होते.

"तेहतीस वेळा," हे म्हणाले.

दहा-बारा झाले असतील. आतून तानीचं रडणं आलं. आधी किरकिर, मग मोठ्यानं. माझा हात ह्यांच्या हातावर होता. सासूबाई म्हणाल्या, "उठू नको गं. उदक अर्ध्यावर टाकायचं नसतं. यमी आहे ना तिच्यापाशी." ह्यांचा हात जरासा उचलला गेला, उठायला म्हणून. मी तो दाबला. मी. सासूबाईंचं नाव पुढे करून मी बसून राहिले, कारण मला तेहतीसच्या तेहतीस हवे होते. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भिंतीशी बोलणं सुरू व्हायचं होतं.

रडणं चालूच होतं. बाळंभटजी मोजदाद चुकले. "हे बाविसावं की तेविसावं हो?"

हे शांतपणे म्हणाले, "एकोणिसावं."

भटजींनी कपाळावर हात मारला आणि पुन्हा एकोणिसापासून नावं घ्यायला लागले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं, समोरासमोर. मला हसू फुटलं, ह्यांनाही. देवासमोर, भटजींसमोर, आईसमोर आम्ही दोघं लबाड मुलांसारखे हसत होतो. तेवढ्यात आतलं रडणं थांबलं.

"निजली वाटतं," सासूबाई म्हणाल्या. मला हायसं वाटलं. यमीनं हाक मारली नव्हती.

नंतर भटजींचं जेवण. मध्ये एकदा आत डोकावले, तर तानी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि यमी तिला थोपटत होती. निजू दे म्हटलं. दुपार कलल्यावर तिला आकडी आली. खेतवाडीहून डॉक्टर आणले. त्यांनी पहिलं विचारलं, "याआधी आकडी आली होती का? सकाळी काही? पहिल्याच वेळी बोलावलं असतंत तर काही करता आलं असतं." मी म्हणाले, "नाही हो. मोठी मुलगी सतत तिच्याजवळ होती. तिनं हाक मारली असती." दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा अधिक महिना संपून निज महिना लागला होता, आणि तानी नव्हती.

कुणी आम्हाला बोल लावला नाही. लावायला हवा होता. सासूबाई मला जवळ घेऊन म्हणाल्या, "महिनाभर एवढं पुण्य केलंत, म्हणून पोर हाल न होता गेली गं." जळजळीत शिव्या दिल्या असत्या तर मी रडले तरी असते. त्या पुण्यात काय होतं ते मला ठाऊक आणि ह्यांना ठाऊक. चाळीतल्या बायका मात्र आजही आपल्या सुनांना सांगतात, दान करावं तर त्या दोघांसारखं.

ह्यांनी पागोट्यात फूल ठेवणं बंद केलं. तसं ठरवून नसेल, राहिलं ते राहिलं. त्या पावसाळ्यात छत्री नव्हती. हे रोज भिजून यायचे. मी आडून यमीकडून सांगवलं, नवी छत्री घ्या म्हणावं. हे म्हणाले, "असू दे." चार महिने ओला अंगरखा गॅलरीत वाळत असायचा आणि खोलीत कुबट वास. द्यायचे मात्र थांबले नाहीत. उलट वाढलं. घरी नाही, वाटेत. धोबी तलावापाशी, नाहीतर आणखी कुठे, जो भेटेल त्याला. एकदा उपरणं गेलं, एकदा जेवणाचा डबा डब्यासकट, एकदा थंडीत अंगातला कोटच. कुणाला दिलात म्हणून मी विचारलं नाही. एकट्यानं दिलेलं अर्धंच पोचतं, हे ह्यांना माहीत होतं. बहुधा म्हणूनच एकटे देत होते.

घरात पुढे जी कार्यं झाली त्यांत बाळंभटजी सवयीनं म्हणायचे, "हाताला हात लावा." पहिल्या वेळी मी हात पुढे केला, तर ह्यांनी दर्भाची काडी माझ्याकडे सरकवली. तिचं एक टोक ह्यांच्या बोटांत, दुसरं मी धरायचं. भटजी म्हणाले, "दर्भानंही चालतं." तेव्हापासून दर्भच. यमीचं कन्यादानसुद्धा आम्ही असंच केलं, मध्ये वीतभर गवत धरून. कन्यादानाला सगळेच रडतात, त्यामुळे कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

मग एवढी तीन वर्षं मी कशावर काढली? एका गोष्टीवर. यमीनं हाक मारली नाही. मी तिला सांगून बसले होते, काही वेगळं दिसलं तर हाक मार. तिनं मारली नाही, म्हणजे वेगळं काही नव्हतं. म्हणजे मी उठले असते तरी रडणाऱ्या पोरीला थोपटून परत येऊन बसले असते. आम्ही हसत होतो त्या घटकेला तिला काही झालेलं नव्हतं. आमच्यात ह्यावर कधी एक अक्षर बोलणं झालं नाही, पण माझी खात्री आहे, हेही ह्याच काडीला धरून होते. एकदा बापूला ताप आला तेव्हा हे यमीला म्हणाले, "तू बस त्याच्यापाशी. तू हाक मारतेस." ते ऐकलं आणि मला कळलं.

हे लिहायला घेतलं तेव्हा तांदूळ भिजत होते. आता वाण देऊन चार दिवस होऊन गेले. मधलं लिहायला हात धजत नव्हता.

यमी दोन दिवस आधी आली. तिचं सासर परळला. माणसं बरी आहेत, फार बोलत नाहीत. अकरा वर्षांची पोर, नऊवारीचा बोंगा सावरत चुलीपाशी बसली आणि माझ्याबरोबर अनारसे थापायला लागली. मी तळत होते. सासूबाई आत पोथी वाचत होत्या. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. यमी सासरच्या गमती सांगत होती. जावई शाळेत शिकतो. तो तिच्याशी बोलत नाही म्हणे, पण परवा त्यानं भिंतीला सांगितलं, "पेरू गोड आहे," आणि पेरूची फोड खिडकीत ठेवून गेला. मला वाटलं, घ्या! हेही तसंच.

मग ती म्हणाली, "आई, परवा वाण देताना तू आणि बाबा तसेच बसाल ना?"

"तसेच म्हणजे?"

"मागल्या धोंड्याच्या वेळी बसला होतात तसे. हसत."

माझ्या हातातला झारा तुपातच राहिला. "तू कुठून पाहिलंस?"

"दारातून. तानीचे हात कसेतरीच वाकडे झाले होते ना, आणि ती बघेचना, म्हणून मी तुला हाक मारायला आले होते. तर तू आणि बाबा एकमेकांकडे बघून हसत होतात. तुला तसं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मग मला वाटलं, नको हाक मारायला. मी परत जाऊन तिला थोपटलं तर ती निजलीच." तिनं अनारशावर खसखस दाबली. "मला इतकं छान वाटलं होतं ना तेव्हा. सासरी रात्री आठवण आली की मी तेच आठवते. आमचंही तसं होईल का गं?"

घाणा जळाला. मी तो काढला, दुसरा सोडला. यमीला काही कळलेलं नव्हतं. तिला एक सकाळ आठवत होती ज्यात आईबाप हसले आणि बहीण निजली. त्या दोन गोष्टींची गाठ तिनं घातली नव्हती. आज ना उद्या घालेल. मोठी होईल, तिला मुलं होतील, एखाद्याला ताप येईल. त्या दिवशी तिला समजेल की तिनं हाक का मारली नाही आणि त्यामुळे काय झालं. माझ्या हातात एवढंच होतं की तो दिवस माझ्या तोंडाकडे पाहून आजच उगवू नये. मी म्हणाले, "होईल हो, का नाही होणार? जा, बापूला हाक मार, गरम गरम एक देते त्याला." ती गेली. मग मी चुलीपुढून उठले आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

संध्याकाळी हे शिकवणीहून आले. यमी आणि बापू शेजारी गेले होते. मी गॅलरीत पाण्याचा तांब्या स्वतः नेऊन दिला. ह्यांनी दचकून पाहिलं. मी तांब्या कधी स्वतः देत नाही.

"यमीला आपण हसलेलं आठवतं," मी म्हणाले. "त्या दिवशीचं. तिनं दारातून पाहिलं होतं. परवा तसंच हसा म्हणते."

खाली रस्त्यावर गॅसबत्तीवाला शिडी लावत होता. मग ह्यांनी विचारलं, "आणखी काही म्हणाली?"

कसं विचारलं म्हणून सांगू! तांब्या हातात धरलेला, पाणी प्यायलेलं नाही, आणि माझ्याकडे न बघता. तीन वर्षांत ह्या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "एवढंच म्हणाली."

ह्यांनी श्वास सोडला आणि पाणी प्यायलं. "हसू मग," म्हणाले, आणि रिकामा तांब्या माझ्या हाती दिला. ह्यांच्यापाशी जी काडी आहे ती राहू दे. माझी गेली. दोघांचीही घालवून काय मिळणार होतं? हेच माझं यंदाचं दान समजा. एकटीनं दिलेलं, अर्धंच पोचणारं.

वाणाच्या दिवशी पाट मांडले. समोर जावई, शेजारी यमी, नवं लुगडं नेसून. चांदीच्या ताटात अनारसे, वर दिवा. सासूबाई खांबाशी. बाळंभटजी थकलेत आता, पण घाई तीच.

"यजमानांच्या हाताला हात लावा."

ह्यांनी सवयीनं दर्भाची काडी उचलली. मग यमीकडे पाहिलं आणि ती खाली ठेवली. मी हात लावला. ह्यांचा हात गार होता. माझाही असणार. बाळंभटजींना काय आठवलं कोण जाणे, तोंड भरून हसले आणि म्हणाले, "काय हो, तेहतीस वेळा वेगवेगळं सोडायचं का उदक?"

"नको," हे म्हणाले. "एकदमच सोडू."

यमी आमच्या तोंडाकडे टक लावून बसली होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. आम्ही हसलो. चांगलं हसलो, कुणाला शंका येऊ नये इतकं. यमीचा चेहरा फुलला. तिनं मान खाली घातली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून जावयाकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "अशीच राहो जोडी." पाणी ताम्हणात पडलं. ह्यांनी हात काढून घेतला, मीही घेतला आणि पदराला पुसला.

दुसऱ्या दिवशी यमी परळला गेली. जाताना खुशीत होती. अनारशांचा डबा मी शेजारी देऊन टाकला. पुढचा धोंडा आता तीन वर्षांनी. तोवर हसायला नको.